हात जोडा, सिस्टर

माझा बाप स्वतःच्या प्रचारसभेत जमिनीवर बसला होता.

वर सहा खुर्च्या होत्या. मालक, मालकांचा धाकटा भाऊ, सोसायटीचा चेअरमन, साखर कारखान्याचा कुणी संचालक, तालुक्याहून आलेला वकील आणि त्या वकिलाचा मेहुणा. मेहुण्याचा निवडणुकीशी काय संबंध, ते मला आजवर कळलेलं नाही. पण त्याला खुर्ची होती. उमेदवार माझा बाप होता. गळ्यात झेंडूचा हार, डोक्यावर कोरी टोपी, अंगावर मालकांनी आणून दिलेलं पांढरं धोतर. आणि बसायला ताडपत्रीचा तो कोपरा, जिथं लोकांनी चपला काढून ठेवल्या होत्या.

मी नऊ वर्षांची होते. त्याच्या मांडीला टेकून मी विचारलं, "बाबा, तुम्ही वर का नाही बसत?"

तो म्हणाला, "मी हितंच बरा हाये, माय."

बोलताना त्याचे हात जोडलेले होते. मला नाही, समोरून कुणीतरी चालत गेलं होतं, त्याला. त्या महिन्यात तो जो दिसेल त्याला हात जोडत होता. मालकांनी त्याला तेवढंच काम सांगितलं होतं.

आमच्या तालुक्याची आमदारकीची सीट राखीव झाली होती. मालकांना स्वतःला उभं राहता येईना. मग त्यांनी आपला सालगडी उभा केला. माझ्या बापाला फक्त सही येत होती, तीही ओढूनताणून. कागद मालकांनी केले, सह्या बापाने केल्या. आमच्या वस्तीत कुणी हसलं, कुणी त्याला शिव्या घातल्या. म्हणाले, तू मालकाचा बैल तो बैलच, आता फक्त शिंगं रंगवलीत. आईने भांडण काढलं. सालभराचं पोट ज्याच्या हातात, त्याला नाही कसं म्हणायचं, हे बापाला कुणी शिकवलं नव्हतं.

जीपमध्ये मागे उभं राहून तो गावोगाव फिरला. भाषण मालक करायचे. "हा आपला माणूस आहे. याला मत म्हणजे मला मत." बाप मान खाली घालून हात जोडायचा. अख्ख्या प्रचारात तो एक वाक्य बोलला नाही.

पडला. पडणारच होता. मालकांचं काही बिघडलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचा गडी आमच्या दारात आला आणि म्हणाला, धोतर-टोपी परत पाठवायला सांगितलीय. आईने दोन्ही धुतलं, निखारे घातलेला तांब्या फिरवून घडी बसवली आणि दिलं. बाप जुनं धोतर नेसून शेणाला गेला. हार गोठ्यातल्या खुंटीला बरेच दिवस होता, मग म्हशीने खाल्ला.

सगळं परत गेलं, पण हात जोडायची सवय गेली नाही. शाळेत मला सोडायला आला की मास्तरांना हात जोडायचा. एसटीच्या कंडक्टरला. दुकानात मीठ घेताना. मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना तो सिव्हिल हॉस्पिटलात वारला. शेवटच्या आठवड्यात त्याला माणसं ओळखू येत नव्हती. ट्रॉली ढकलणारी बाई आली तरी तिला हात जोडायचा. सलाईन लावायला मला त्याचे हात एकमेकांपासून सोडवून घ्यावे लागले. बोटं घट्ट होती. त्या बोटांचा जोर मला अजून हाताला जाणवतो.

हे मी आधी सांगितलं, कारण पुढे जे झालं ते शारजात झालं, एसी लावलेल्या हॉलमध्ये, शिकलेल्या माणसांत. आणि तिथं माझा बाप आला होता.

मी शारजाला आले एक्क्याण्णवला. तिथल्या रोल्ला भागात एका खासगी क्लिनिकमध्ये स्टाफ नर्स. नवरा फुजैराला तेलाच्या टर्मिनलवर, गुरुवारी संध्याकाळी यायचा आणि शुक्रवारी परत जायचा. क्लिनिकच्या मागच्या बिल्डिंगमध्ये आम्ही एका खोलीत राहायचो, किचन केरळच्या एका कुटुंबात वाटून. खरं सांगते, मला तिथं फार बरं वाटलं. कारण तिथं मला कुणी आडनाव विचारत नव्हतं. डॉक्टर सिस्टर म्हणायचे, पठाण ड्रायव्हर सिस्टर म्हणायचा, अरबी बाई सिस्टर म्हणायची. सिस्टर या शब्दाला जात नसते. नऊ वर्षं मी त्या शब्दात राहिले. आम्ही विहार सोडला, निळा झेंडा सोडला, गावचं नाव काढणं सोडलं. मुलीचं नाव तन्वी ठेवलं, कुणाच्याही घरात शोभेल असं. तिला आम्ही काही सांगितलं नाही. ती विचारायचीही नाही, आणि आम्ही मराठीत बोललो तर ती इंग्रजीत उत्तर द्यायची.

तन्वी जात होती ती भारतीयांची शाळा. सकाळी मुली, दुपारी मुलं. मुली सुटायच्या ऐन उन्हात, एक वाजता. बसला एसी नव्हता. एका सप्टेंबरात तन्वीच्या वर्गातली एक मुलगी बसमध्येच पडली. कंडक्टरने तिला उचलून आमच्या क्लिनिकमध्ये आणलं, कारण शाळेतल्या नर्सच्या खोलीला साडेबारालाच कुलूप लागायचं. मुलीचं अंग तापलेल्या तव्यासारखं होतं. तिच्या काखेत आणि मानेला बर्फ लावून मी तास-दीड तास बसले. ती वाचली. मी शाळेला पत्र लिहिलं. मग दुसरं लिहिलं. उत्तर आलं की बाब विचाराधीन आहे.

म्हणून मी शाळेच्या निवडणुकीत उतरले. मला शाळेत पूर्ण वेळ नर्स हवी होती आणि बसला एसी हवा होता. एवढंच.

शाळेच्या मॅनेजिंग कमिटीत पालकांच्या तीन जागा होत्या, दर दोन वर्षांनी मतदान व्हायचं. जागा तीन, पण जोर काय विचारू नका. पॅनेल पडायची, पत्रकं निघायची, शुक्रवारच्या सुट्टीला घरोघर फिरणं. इथं आपल्याला ना मत, ना नागरिकत्व, त्यामुळे माणसं गावाकडची सगळी हौस त्या शाळेवर भागवून घ्यायची. मराठी पॅनेल चालवायचे जोगसाहेब. दुबईत अल मनखूलला राहायचे, एका मोठ्या कंपनीत फायनान्स मॅनेजर, मूळचे पुण्याचे, मुलं आमच्याच शाळेत. त्यांना रोल्लाची मतं हवी होती. आणि रोल्लात अशी आई नव्हती जिच्या पोराला मी इंजेक्शन दिलं नव्हतं.

त्यांचा फोन आला. फार गोड बोलले. म्हणाले, वहिनी, तुमच्यासारखी ग्राउंडवर काम करणारी लेडी आम्हाला पॅनेलमध्ये हवीच आहे. शुक्रवारी घरी या, मिसेसचं चैत्राचं हळदीकुंकूही आहे, दोन्ही होईल.

मी गेले. पैठणीच्या काठाची साडी नेसून गेले. त्यांच्या हॉलमध्ये दहा-बारा माणसं होती. बायका आतल्या खोलीत, पुरुष बाहेर, आणि मी उमेदवार म्हणून बाहेर, सोफ्यावर. जोगवहिनींनी मला कैरीची डाळ आणि पन्हं आणून दिलं. म्हणाल्या, इथं कैरी बारा दिरहम किलो, म्हणजे जवळजवळ दीडशे रुपये झाले की हो, पण चैत्रात पन्हं नको का. मी हसले. मला त्या आवडल्या. फॉर्मवर माझं नाव चढलं, दोन सूचकांच्या सह्या झाल्या, कुणीतरी तो दुसऱ्या दिवशी शाळेत द्यायला म्हणून घेऊनही गेलं.

आणि मग मी हात दाखवून अवलक्षण केलं.

जोगसाहेब सगळ्यांना सांगत होते की राजकारण कसं रक्तात लागतं. त्यांचे कुणी काका नगरपालिकेच्या शिक्षण मंडळावर होते. मला काय झालं कुणास ठाऊक. पन्ह्याचा गोडवा असेल, वहिनी-वहिनी ऐकून चढलेलं असेल. मी म्हटलं, "माझे वडील आमदारकीला उभे होते."

बघता बघता सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. कुणी म्हणालं, अरे वा, सांगितलं नाहीत कधी. मला काय वाटलं ते लपवत नाही. अभिमान वाटला. बापाच्या अपमानाचा मी दागिना करून घातला होता आणि तो लोकांना आवडला होता.

जोगसाहेबांनी विचारलं, "कुठल्या मतदारसंघातून?"

मी तालुक्याचं नाव सांगितलं.

जोगसाहेबांना महाराष्ट्रातला मतदारसंघ न् मतदारसंघ पाठ होता. कुठून कोण निवडून आलं, कोण पडलं, सगळं. माणसाचं डोकं तल्लख होतं, यात वाद नाही. ते म्हणाले, "पण ती तर राखीव सीट."

एका माणसाने समोरची डाळीची वाटी उचलून उगाच पुन्हा खाली ठेवली. आतून जोगवहिनी हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आल्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. बोट करंड्यात बुडवलेलं. माझ्यासमोर येऊन त्या थांबल्या आणि अगदी मायेने विचारलं, "तुमच्यात हळदीकुंकू चालतं का हो?"

मी कपाळ पुढे केलं नाही, मागेही घेतलं नाही. त्यांनी माझ्या उत्तराची वाट पाहिली, मग बोट पदराला पुसलं आणि त्या आत गेल्या. पदरावर लाल ठिपका उमटला. तो मला अजून दिसतो.

जोगसाहेबांनी लगेच सावरून घेतलं. म्हणाले, "इथं गल्फमध्ये कोण जात पाळतं हो. इथं आपण सगळे एक्स्पॅट." मग हळूच म्हणाले की उलट बरंच झालं, आपलं पॅनेल सर्वसमावेशक दिसेल. त्यानंतर त्यांनी मला वहिनी म्हटलं नाही. जाताना लिफ्टपर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "सिस्टर, मॅनेजमेंटपुढे बोलायला जरा पॉलिश लागतं. बोलायचं ते मी बोलेन. तुम्ही फक्त हात जोडा."

नऊ वर्षं जो शब्द मला घरासारखा वाटत होता, तो त्या लिफ्टपाशी बदलला.

तुम्ही म्हणाल, तिथंच नाव मागे घ्यायचं. मी नाही घेतलं. का, ते मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलंय. बर्फ लावलेली ती पोर आठवायची, हे एक. पण तेवढंच नव्हतं. मला अजूनही त्यांच्यातलं व्हायचं होतं. हे लिहायला लाज वाटते, म्हणून लिहिते.

नवऱ्याला सांगितलं तर तो जेवता जेवता थांबला. म्हणाला, खलास कर हे. आपण इथं पोटासाठी आलोय. तुझ्या क्लिनिकचा मालक आणि तो जोग एकाच क्लबात जातात, उद्या व्हिसा रिन्यू झाला नाही तर पोरीला घेऊन कुठं जाशील. त्याचंही खरं होतं. तो शुक्रवारी फुजैराच्या बसमध्ये बसेपर्यंत हेच सांगत राहिला.

पत्रकासाठी फोटो हवा होता. रोल्लात डिमेलोंचा स्टुडिओ होता. डिमेलो वसईचे, पंधरा-वीस वर्षं तिथंच, माझ्याकडे डायबेटिसचं इंजेक्शन घ्यायला यायचे. पॅनेलच्या तिघांचे फोटो त्यांनीच काढले. जोगसाहेब सूट-टाय, छातीवर हाताची घडी. दुसरे एक इंजिनिअर होते, ते टेबलाशी पेन घेऊन. मी स्टुलावर बसले. डिमेलो कॅमेऱ्यामागून म्हणाले, "सिस्टर, जरा हात जोडा. जोगसाहेबांनी तसा सांगितलाय. इलेक्शनचा फोटो तसाच असते."

मी हात जोडले.

आणि मला बोटांत जोर जाणवला. सिव्हिल हॉस्पिटलातला. माझी बोटं माझ्या बापाची झाली होती. काळी, सांध्यांत जाड, घट्ट. मी हात सोडवायला गेले तर सुटेनात. डिमेलोंनी दोन फोटो काढले आणि दिवे बंद केले तरी मी तशीच बसले होते. शेवटी त्यांनी जवळ येऊन पाण्याचा ग्लास पुढे धरला, तेव्हा ग्लास घ्यायला म्हणून हात सुटले.

त्या दिवसापासून तो यायला लागला. मी भुतंखेतं मानत नाही, आमच्यात ते शिकवलेलं नाही. पण भरदुपारी, क्लिनिकच्या बाकावर, रांगेतल्या पेशंटांच्या शेवटी तो बसलेला असायचा. टोपी घालून, हात जोडून. मी नंबर पुकारत जायचे आणि त्याचा नंबर यायचा नाही. बडीशेप घ्यायला दुकानात गेले तर काउंटरच्या कडेला. तन्वीला बसवर आणायला गेले तर त्या उन्हात, फूटपाथवर, चपलांपाशी बसावं तसा. तो काही मागत नव्हता. रागावलेलाही नव्हता. नुसता बघायचा, आणि मला वाटायचं की त्याला एकच विचारायचंय: मला मिरवलंस, आता माझ्या जागेवरही बसणार का?

पत्रक छापून आलं. वर जोगसाहेब आणि इंजिनिअर, त्यांच्या डिग्र्या, त्यांची पदं. खाली, अर्ध्या आकारात, हात जोडलेली मी. नावाखाली "आपली सेविका". चौदा वर्षांचा माझा अनुभव कुठंच नव्हता. बर्फ नाही, बस नाही, नर्सची खोली नाही. तन्वीने ते फ्रीजला लावलं. मी काढलं, तिने परत लावलं.

मतदानाच्या आधीच्या शुक्रवारी शाळेच्या हॉलमध्ये उमेदवारांची सभा होती. दोन पॅनेल, सहा उमेदवार, स्टेजवर सहा खुर्च्या. सहाच. मोजून. प्रत्येक खुर्चीसमोर टेबलावर नावाचं कार्ड. मी माझं कार्ड लांबूनच वाचलं. इंग्रजीत टाइप केलेलं, पूर्ण नाव, आडनावासकट, शाळेच्या रजिस्टरवर होतं तसं. ते वाचून मला भीती वाटली नाही, हे विशेष. थोडं रडू आलं.

मी पायरीवर पाय ठेवला, तेवढ्यात जोगसाहेब घाईघाईने आले. म्हणाले, आमच्या कंपनीचे डायरेक्टर ऐनवेळी आलेत, शाळेला मोठी देणगी देणार आहेत, त्यांना खाली बसवणं बरं दिसत नाही. आणि मग माझ्या खांद्याजवळ वाकून म्हणाले, "सिस्टर, तुम्ही समोर खाली बसता का? तुम्ही नर्स आहात. एवढ्या गर्दीत कुणाला चक्कर आली तर बरं पडेल."

गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात. इथं गरज सरली नव्हती, म्हणून वैद्याला खाली बसवलं.

मी बसले. होय, बसले. पहिल्या रांगेतल्या खुर्च्या पाहुण्यांच्या होत्या, त्यांच्या पुढे लहान मुलांसाठी गालिचा टाकला होता. तन्वी तिथं बसली होती, मी तिच्याशेजारी जाऊन बसले. गालिच्याच्या कडेला पोरांनी बूट काढून ठेवले होते. वर माझ्या नावाच्या कार्डामागे करड्या सुटातला एक माणूस बसला. सभा सुरू झाली. जोगसाहेब उठले आणि फी, रिझल्ट, कॉम्प्युटर लॅब यांवर छान इंग्रजीत बोलायला लागले.

तन्वी नऊ वर्षांची होती. तिने माझ्या मांडीला टेकून वर बघितलं.

"मम्मी, यू आर द कँडिडेट, ना? देन व्हाय आर यू सिटिंग हिअर?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. मी ते शोधलं नव्हतं, जुळवलं नव्हतं. ते पंचवीस-तीस वर्षं माझ्या जिभेखाली पडून होतं आणि आता ओठांवर आलं होतं. मी इथंच बरी आहे, बेटा. हाताकडे बघितलं. दोन्ही हात मांडीवर होते आणि तळवे एकमेकांना चिकटत चालले होते.

मी डोळे मिटले नाहीत. बुटांच्या ओळीपलीकडे तो बसला होता. टोपी, हार, पांढरं धोतर. पहिल्यांदाच त्याचे हात जोडलेले नव्हते. त्याने ते मागे, पाठीशी धरले होते, मला दिसू नयेत म्हणून.

मी उठले.

तन्वीचं बोट धरलं नाही, ती आपणहून मागे आली. चार पायऱ्या होत्या. जोगसाहेब बोलता बोलता अडखळले. मी सरळ त्या करड्या सुटातल्या माणसाजवळ गेले आणि हिंदीत म्हणाले, "सर, ये मेरी कुर्सी है।"

त्याने समोरचं कार्ड बघितलं. माझ्याकडे बघितलं. आणि ताडकन उठला. "ओह, सॉरी सिस्टर, मुझे किसी ने बताया ही नहीं।" कोट सावरत तो खाली गेला आणि दुसऱ्या रांगेत जाऊन बसला. त्याला काही वाटलं नाही.

इतकं सोपं होतं.

हेच मला खातं. इतकं सोपं होतं आणि माझ्या बापाला कुणी सांगितलं नाही. तो उठून वर गेला असता तर वकिलाचा मेहुणा उठला असता का? माहीत नाही. कदाचित बापाला चाबकाने फोडलं असतं. पण त्याची खुर्ची त्याची होती, कायद्याने होती, आणि तो चपलांपाशी बसून मेला.

माझी पाळी आली तेव्हा जोगसाहेबांनी माइक आपल्यापाशीच ठेवला. मी हात पुढे केला. जोडायला नाही, घ्यायला. सगळा हॉल बघत होता, त्यामुळे त्यांना द्यावाच लागला. मला भाषण येत नाही. मी हिंदीत, मध्ये मध्ये इंग्रजी घालून, जे होतं ते सांगितलं. ती पोर बसमध्ये पडली, तिचा ताप किती होता, किती बर्फ लागला, नर्सच्या खोलीला कुलूप किती वाजता लागतं. माझी दोन पत्रं, त्यांना आलेलं उत्तर. मग म्हटलं, पत्रकावर माझा हात जोडलेला फोटो आहे, तो चुकीचा आहे. मी काही मागायला आलेली नाही. माझा बाप राखीव जागेवर उभा होता आणि त्याला जमिनीवर बसवलं होतं. ही जागा राखीव नाही, आणि मघाशी मलाही जमिनीवर बसवलं होतं. म्हणजे गोष्ट जागेची नाही.

टाळ्या थोड्या पडल्या. मागच्या रांगांत जास्त, पुढे जवळजवळ नाहीत. जोगवहिनी खाली बघत होत्या. सभेनंतर जोगसाहेब एवढंच म्हणाले, "सिस्टर, तुम्ही घरचं भांडण बाहेर नेलंत." मी म्हटलं, कुठलं घर? तुमच्या घरी माझ्या कपाळाला बोट लागलं नव्हतं.

मी पडले. चांगली पडले. जोगसाहेब आणि इंजिनिअर निवडून आले, तिसरी जागा दुसऱ्या पॅनेलला गेली. नवऱ्याने आठवडाभर फोन केला नाही. व्हिसा रिन्यू करताना क्लिनिकच्या मालकाने मला केबिनमध्ये बोलावून विचारलं की तुम्ही पॉलिटिक्स करता म्हणे. मी म्हटलं, नाही, इंजेक्शनं देते. त्याने सही केली, पण चार दिवस लावले. त्या चार दिवसांत मी बॅगा काढून झटकून ठेवल्या होत्या. पुढल्या वर्षी शाळेत पूर्ण वेळ नर्स आली. शाळेच्या मासिकात तिच्यासोबत जोगसाहेबांचा फोटो होता, त्यांनी ती आणली असं खाली छापलेलं. बसला एसी अजून नाही.

दोन वर्षांनी मी परत उभी राहिले, एकटी, पॅनेलशिवाय. सूचक म्हणून पहिली सही डिमेलोंनी केली, त्यांचा नातू त्याच शाळेत होता. फोटोच्या वेळी त्यांनी काही सांगितलं नाही, फक्त विचारलं, हात कसे ठेवू या? मी म्हटलं, असेच, खाली. परत पडले. या वेळी कमी मतांनी.

तन्वीला सगळं सांगितलं. आडनाव, वस्ती, सालगडी, धोतर-टोपी, सगळं. मग तिने मराठीत विचारलं, "आजोबांना राग नाही आला?"

त्याचं येणं थांबलेलं नाही. तुम्हाला वाटेल, मी त्या दिवशी वर गेले आणि तो शांत झाला. तसं काही होत नाही. तो अजून बाकाच्या शेवटी बसतो. फक्त हात पाठीशी धरतो. विहारात मी आता जाते, तिथं हात जोडते. ते वेगळं आहे, तिथं समोर मालक नसतो. दुसरीकडे कुठंही माझे हात जुळत नाहीत. साहेब आला तरी नाही, इमिग्रेशनच्या काउंटरवर नाही. उद्धट म्हणतात, म्हणू देत.

आमच्या तालुक्याची सीट अजून राखीव आहे. मालक गेले, त्यांचा मुलगा आता मालक आहे. दर पाच वर्षांनी तो एक सालगडी शोधतो, त्याला कोरं धोतर देतो आणि जीपमध्ये मागे उभा करतो. गेल्या खेपेचा फोटो गावी असलेल्या भावाने पाठवलाय. हात जोडलेले, मान खाली.

मी क्लिनिकचा राजीनामा लिहून ठेवलाय. तन्वीची दहावी झाली की देणार. नवरा येवो न येवो. गावी जाऊन मतदार यादीत नाव घालणार, आणि माझ्या बापाने उमेदवारीचा जो फॉर्म दुसऱ्याच्या सांगण्यावरून सही करून दिला, तोच फॉर्म माझ्या हाताने भरणार. पडेन, हे मला माहीत आहे. मला पडायची सवय आहे.

पण सभा मी मालकाच्या दारातच घेणार. खुर्ची एकच ठेवणार. तिच्यात मी बसणार, हात मांडीवर, सुटे.